हलकी मासळी

"मासा भुकेला नसतो, अनिलराव, हे आधी डोक्यात घ्या," राजीव आगाशे म्हणाला आणि गाठीबाहेर राहिलेला दोरा त्याने दातांनी तोडला. "सॅमन नदीत शिरला की त्याचं खाणं बंद. त्याला भूक दाखवून काही उपयोग नाही. ही फ्लाय, म्हणजे ही पिसांची खोटी माशी, त्याच्या नाकासमोरून इतक्यांदा न्यायची, की शेवटी तो वैतागून चावतो."

"म्हणजे भुकेल्याला धरलं तर ते स्पोर्टमध्ये बसत नाही," दिघोरे म्हणाले.

"करेक्ट!" राजीव खूश झाला. "भुकेला मासा काय, कुणीही धरेल."

अनिल दिघोरे मांड्यांपर्यंत पाण्यात उभे होते. अंगात राजीवने दिलेली, छातीपर्यंत येणारी रबरी विजार होती, आणि ती राजीवच्या मापाची असल्यामुळे नाटक कंपनीतून भाड्याने आणल्यासारखी लोंबत होती. ऑक्टोबरातली सकाळ. पाण्यावरचं धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं, आणि मेपलची लाल पानं प्रवाहातून एकेकटी, कुठल्या तरी ठरल्या वेळेला पोचायचं असल्यासारखी चालली होती. पलीकडच्या काठाखाली, जिथे नदी वळताना जमीन कापत आत शिरली होती, तिथे डोह होता. काळा, जाड, वरून हलत नसल्यासारखा दिसणारा. त्या डोहात दिघोऱ्यांना आज पाहुणा म्हणून उभं राहण्याची परवानगी होती. दुपारी क्लबची मंडळी कॉफीला जमतील तेव्हा त्यांना सभासद करून घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. करून घेतलं नाही, तर हा डोह त्यांना यापुढे दिसणार नव्हता.

वास्तविक डोह त्यांना नवा नव्हता. त्यांनाच डोहाशी ओळख करून दिली जावी, यातला विनोद फक्त त्यांना एकट्याला कळण्यासारखा होता. गेली कित्येक वर्षं, बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत, दर शनिवारी ते ॲन आर्बरहून पश्चिमेकडे दोन तास ड्राइव्ह करून इथे येत आणि एका पालथ्या बादलीवर बसत. गळाला लावायला कणकेचा गोळा असे; घट्ट मळलेला, हळद आणि चिमूटभर हिंग घातलेला. कार्पला हिंगाचं वेड असतं. क्वचित गांडुळावर रेडहॉर्स नावाचा सकर लागे. तांबूस परांचा, जाड ओठ खाली वळलेला, तळाशी चरणारा मासा. तो हातात धरून ते थोडा वेळ बघत आणि परत सोडत. घरी ते काही नेत नसत. घरी नेलं तर बायको, शरयू, विचारणार, आणि शरयूने विचारलं तर सांगावं लागणार. शरयू गेल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही. पण सवय माणसापेक्षा जास्त टिकते.

ॲन आर्बरलाही नदी होतीच, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. पण तिच्या काठाने मराठी मंडळातली निम्मी मंडळी सकाळी फिरायला जात. दिघोरे विद्यापीठाच्या पगारविभागात प्रोग्रॅमर होते. गणपतीत सभामंडपाच्या खुर्च्या तेच मांडत आणि तेच उचलत. आणि तिथे भेटलेल्या सुशिक्षित, सुसंस्कृत, निगर्वी माणसांनी वडील काय करतात असं विचारलं, की ते "भंडाऱ्याला असतात" असं उत्तर देत. हे उत्तर नव्हतं, हे ऐकणाऱ्याला कळे. पण सुसंस्कृत माणूस उत्तर न मिळाल्याचं दाखवत नाही. तो मनातल्या मनात हिशेब करतो, आणि पुढच्या वेळी जरा जास्तच अगत्याने वागतो. अशा अगत्यात दिघोऱ्यांची पंचवीस वर्षं गेली होती. कणकेचा गोळा घेऊन गावातल्या नदीवर बसायचं म्हणजे तो हिशेब आपणच फळ्यावर सोडवून दाखवायचा. त्यापेक्षा दोन तास ड्राइव्ह बरा.

डोहाकाठची जमीन हॅलोरन नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंची होती. त्या पहिल्या वर्षी कुत्रा घेऊन खाली आल्या, पालथी बादली पाहिली, माणूस पाहिला, आणि "काचेच्या बाटल्या टाकू नको," एवढंच बोलून वर गेल्या. पुढे त्या हात हलवू लागल्या. इतकाच दोघांचा परिचय. पण दिघोऱ्यांच्या अमेरिकेतल्या मैत्र्यांमध्ये तो बराच वर लागला असता. मागच्या वर्षी बाई वृद्धाश्रमात गेल्या आणि मुलाने काठ एका सॅमन क्लबला लीजवर दिला. वसंत ऋतूत दिघोरे आले तर झाडावर पाटी: फक्त सभासदांसाठी, फक्त फ्लाय, आमिषाला मनाई. ती ते वाचत उभे असताना पाण्यातून आवाज आला.

"अहो, दिघोरे ना? तुम्ही इकडे कुठे?"

राजीव आगाशे. पुण्याचा, मोटार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचा माजी अध्यक्ष. दिघोऱ्यांच्या हातातली बादली, बादलीतला पिवळा गोळा, सगळं त्याने पाहिलं आणि तो मनापासून हसला.

"हिंग? गळाला? काय सांगता! हे भारीच आहे यार." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण आता इथे हे चालणार नाही हां. या लोकांच्यात दोन जाती असतात, अनिलराव. माशांच्या म्हणतोय मी. सॅमन, ट्राउट हे गेम फिश. कार्प नि हे सकर लोक म्हणजे रफ फिश, हलकी मासळी. तळातलं खातात ना."

"तळातलं कुणी तरी खायला लागतंच," दिघोरे म्हणाले.

"ते आहेच," राजीव म्हणाला. त्याला वाटलं, आपण सहमत झालो आहोत.

राजीव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती आणि तिच्यात सांगण्यासारखं काही राहिलं नसतं. त्यानेच क्लबमध्ये शब्द टाकला, त्यानेच विजार दिली, त्यानेच उन्हाळाभर मंडळाच्या हॉलमागच्या हिरवळीवर दिघोऱ्यांना दोर फेकायला शिकवला. "रिटायर झालात, वहिनी नाहीत, लेक रुही तिकडे पॅसिफिककडे, बेलव्ह्यूला. माणसाला काही तरी पॅशन पाहिजे," असं तो म्हणे. दिघोरे मान हलवत. हातातली काठी मागे न्यायची, थांबायचं, पुढे सोडायची. त्यांचे वडील याच हालचालीने जाळं फेकत, फक्त त्या हाताला जाळ्याचं ओझं असे, आणि मागे कुणी "ब्यूटिफुल!" म्हणत नसे.

त्या ओझ्याला दिघोऱ्यांनी कधी हात लावला नव्हता. बापाने लावू दिला नव्हता. भंडाऱ्याकडच्या तलावांवर मुलं चालायला लागली की पाण्यात उतरतात. यांना काठावर पुस्तक घेऊन बसवलं जाई. "याला हात लावला तर हात तोडीन," असं बाप म्हणे, आणि जाळं दाखवे. एकदा पोरगं लपून मरळ चिरायला बसलं, तर बापाने खरोखर कोयत्याच्या दांड्याने त्याची बोटं फोडली. तेव्हा दिघोरे शाळा शिकले, नागपूरला शिकले, अमेरिकेत आले. बापाच्या धंद्यातलं त्यांच्याजवळ एवढंच आलं: कणकेत हिंग घालतात, ही लांबून पाहिलेली गोष्ट, आणि पाणी बघत बसण्याची खोड, जी शिकवावी लागत नाही.

गावातल्या बागेत एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलं आहे की या नदीत सॅमन मूळचा नव्हे. साठेक वर्षांपूर्वी सरकारने तो पॅसिफिककडून आणला, हौदांत वाढवला आणि सोडला. सकर मात्र हिमयुगाचा बर्फ मागे हटला तेव्हापासून इथेच आहे. दिघोऱ्यांनी ती पाटी बरेचदा वाचली होती. बाहेरून आणून बसवलेला मासा दोन पिढ्यांत राजा होतो, आणि ज्याचं पाणी, तो कचरा ठरतो. याला निसर्ग जबाबदार नसतो. याला कुणी तरी बसून नावं ठेवावी लागतात. पाटी लिहिणाऱ्याने मात्र शेवटी सॅमनचंच चित्र काढलं होतं.

"फेका आता," राजीव म्हणाला. "वरच्या अंगाला. हं. येऊ द्या खाली वाहत... ब्यूटिफुल!"

वरच्या वळणावर डग उभा होता. क्लबचा अध्यक्ष, सत्तरीचा, लांबट, पांढऱ्या दाढीचा, मृदू बोलणारा माणूस. त्याच्या खाली आणखी दोघे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काठावरच्या गवतात, पायवाटेच्या कडेला, गेल्या आठवड्यातले मासे पडले होते. वाळलेले, चामड्यासारखे, डोळ्यांच्या जागी भोकं. सगळे तांबड्या परांचे. सकर लागला तर परत सोडायचा नाही, काठावर टाकायचा, अशी प्रथा होती. सकर सॅमनची अंडी खातो म्हणे. नियमावलीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. प्रथेला लिहावं लागत नाही, हे दिघोऱ्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"हे असेच पडून राहतात?" सकाळी आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं.

"रकून येऊन खातात ना. वाया नाही जात," राजीव म्हणाला होता.

ऊन वर आलं. डगने एक सॅमन धरला. अर्धा तास नाचवला, काठाशी आणला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि तो परत सोडला. काळसर पडलेला, शेपटी झिजलेला, जागोजागी पांढरी बुरशी चढलेला मासा. अंडी घातली की तो मरणारच होता. मरायलाच तो इतक्या लांब आला होता. डगने त्याला दोन्ही हातांनी प्रवाहात धरलं, त्याच्या कल्ल्यांत पाणी भरू दिलं, आणि हळूच सोडून दिला. ते पाहताना दिघोऱ्यांना डग आवडला. याच गोष्टीचा त्यांना पुढे त्रास होणार होता.

दोर हातात जड झाला तेव्हा त्यांना वाटलं, दगड. मग दगड चालू लागला.

"फिश ऑन!" राजीव ओरडला. "रॉड वर! वर धरा! पळू द्या त्याला, अडवू नका!"

मासा पळाला नाही. तो तळाशी गेला आणि तिथे ठाण मांडून बसला. तिथून दोन दणके दिले, मग पुन्हा बसला. डग पाण्यातून खाली चालत आला, बाकीचे दोघे आले. "नाइस अँड ईझी," डग म्हणत होता, "यू आर डूइंग ग्रेट, अनिल." इतकी माणसं आपल्या बाजूने उभी असण्याचा प्रसंग दिघोऱ्यांवर फारसा आलेला नव्हता. मासा हळूहळू वर आला, कुशीवर वळला, आणि पाण्यातून एक पर निघाला. विटेसारखा लाल.

"ओह," डग म्हणाला. "सकर." हसून त्याने दिघोऱ्यांच्या खांद्यावर थोपटलं. "हॅपन्स टू एव्हरीवन. बँक इट."

बाकीचे दोघे परत फिरले. राजीव जवळ सरकला आणि मराठीत, ओठ न हलवता म्हणाला, "टाका बाजूला. फार विचार नका करू. आज तुमचं ठरायचंय."

मासा त्यांच्या हातात होता. मोठा होता; इतका मोठा रेडहॉर्स त्यांना इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. जाड ओठ उघडमीट करत होते. फ्लाय त्याने वैतागून चावली नव्हती; ती त्याला खाणं वाटली होती. भुकेला होता. दिघोऱ्यांनी वर पाहिलं. डग पाहत होता. वाईट नजरेने नव्हे, फक्त पाहत होता, एखादा माणूस आपल्यात बसतो का ते बघावं तसा. आणि डोह होता, पुढचे सगळे शनिवार होते, आणि शनिवार नसतील तर घर होतं.

त्यांनी मासा काठावर टाकला.

"गुड मॅन," डग म्हणाला.

कॉफी ट्रकच्या मागच्या फळीवर मांडली होती. डगने थर्मासमधून दिघोऱ्यांना स्वतः ओतून दिली. क्लबची हिरवी टोपी त्याने आधीच आणलेली होती, म्हणजे ठरायचं असं काही नव्हतंच. फक्त एवढंच बघायचं होतं, आणि ते बघून झालं होतं. राजीवने टोपी दिघोऱ्यांच्या डोक्यावर घालून फोटो काढला, तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि लगेच आश्लेषा कुलकर्णीचा बदाम आला. "बघा, तुम्ही सेलिब्रिटी झालात," तो म्हणाला. क्लबच्या त्या दोघांपैकी एकाने विचारलं की तुमच्या देशात मासे धरतात का. दिघोरे "हो" म्हणाले.

खालून आवाज येत होता. गवतावर ओलं फडकं आपटल्यासारखा. थांबे, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत पुन्हा येई. बाकी कुणाला तो ऐकू येत नव्हता. किंवा येत असेल, आणि त्यांच्यासाठी तो पाण्याचाच आवाज असेल. दिघोऱ्यांनी कप फळीवर ठेवला आणि ते उतारावरून खाली गेले.

मासा गवताच्या काड्या अंगाला चिकटवून पडला होता. त्यांनी एक दगड उचलला. पहिला घाव तिरका पडला, मासा हातातून सुटला आणि त्यांना गुडघे टेकून त्याच्यामागे जावं लागलं. दुसरा लागला. तिसरा त्यांनी उगाच घातला. मग गळ्यातला लोकरी मफलर काढून त्यात मासा गुंडाळला आणि ते वर चढून आले. टोपी डोक्यावरच होती.

"हे काय करताय?" राजीवने विचारलं.

"घरी नेतो."

"कशाला?"

"खायला."

डगला भाषा कळली नाही, मफलर कळला. "यू आर नॉट गोइंग टू ईट दॅट?" तो हळुवारपणे म्हणाला. "इट्स ऑल बोन्स. लुक, माझ्याकडे स्मोक्ड सॅमन आहे ट्रकमध्ये. घेऊन जा. प्लीज."

"थँक यू," दिघोरे म्हणाले. "धिस इज फाइन."

डगने आपला कप फळीवर ठेवला. मग त्याच मृदू आवाजात त्याने समजावलं. यात व्यक्तिगत काही नाही. पण लोक इथे खाण्यासाठी मासे धरायला लागले, की बादल्या येतात. बादल्या आल्या की बादलीवाले येतात. त्यांना दूर ठेवायलाच तर हा काठ लीजवर घ्यावा लागला. अनिलला हे समजत असणारच. अनिलने तो मासा इथे ठेवावा. कॉफी गार होतेय.

अनिलला समजत होतं. ते मफलर धरून उभे राहिले.

"वेल," डग म्हणाला. "लेट्स रिव्हिजिट धिस इन द स्प्रिंग."

"म्हणजे वसंतात पुन्हा बघू म्हणतोय," राजीवने विनाकारण भाषांतर केलं. त्याचा चेहरा उतरला होता. दिघोऱ्यांनी टोपी काढून फळीवर, थर्मासशेजारी ठेवली. डगने ती पुन्हा पुढे केली नाही.

गाडीपर्यंत राजीव सोबत आला. "अनिलराव, काय हे? मी किती खटपट केली होती. एक मासा टाकायचा होता फक्त. आणि टाकलाही होतात तुम्ही!"

"टाकला होता. चूक झाली."

"कसली चूक?"

"आमच्यात मारलेला मासा टाकत नाहीत. खायचा नसेल तर मारत नाहीत."

"आमच्यात म्हणजे? नागपूरकडे?"

"ढिवरांत," दिघोरे म्हणाले. "आम्ही ढिवर आहोत. माझा बाप तलावावर मासे धरत होता. भंडाऱ्याला."

नदीचा आवाज झाडांमधून येत होता. राजीवने झाडांकडे पाहिलं. "अहो, मग त्यात काय!" तो म्हणाला, जरा मोठ्याने. "आम्ही असलं काही मानत नाही. तुम्हाला माहितीये. पण आधी सांगायचं होतंत ना."

"आधी म्हणजे केव्हा?"

"नाही, म्हणजे... मी उन्हाळाभर तुम्हाला शिकवत बसलो." तो हसायला गेला, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. "मला आपलं वाटत होतं की तुम्ही..."

"काय वाटत होतं?"

"काही नाही हो."

दिघोऱ्यांनी मासा पुढच्या सीटखाली ठेवला आणि विजार उतरवून, घडी घालून राजीवच्या हातात दिली. राजीव ती छातीशी धरून उभा राहिला.

"डगला हे कशाला सांगायचं," तो म्हणाला. "त्याला कळणार नाही. त्यांच्यात हे नसतं."

"त्याला सगळ्यात आधी कळलं," दिघोरे म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. त्यांनी सिंकवर मासा काढला आणि भाजीची सुरी घेतली. राजीवला त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ राजीवने काय घेतला असेल, ते त्यांना ठाऊक होतं: की हे हात यात मुरलेले आहेत. खवले काढायला सुरी कुठल्या बाजूने चालवतात हे त्यांनी पाहिलेलं होतं, पण पाहिलेलं हातात उतरत नाही. खवले भिंतीवर उडाले, चष्म्याला चिकटले. पोट फाडताना सुरी खोल गेली आणि आत काही तरी फुटलं. हिरवं, पातळ. ते मांसावर पसरलं तेव्हा त्यांना आई आठवली नाही, बाप आठवला नाही. आठवलं इतकंच, की हे फुटू द्यायचं नसतं. हे पित्त. त्यांनी पाण्याखाली धरून धुतलं, मीठ चोळलं, लिंबू पिळलं. हिरवा रंग गेला. वास राहिला.

फोन वाजला. रुही. तो त्यांनी साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"बाबा, हाय! मी दोन मिनिटंच आहे. मैत्रिणीबरोबर डिनरला चाललेय. सो? हाऊ वॉज द क्लब थिंग? डिड दे टेक यू?"

"नाही घेतलं."

"व्हॉट? राजीवकाका तर म्हणाले होते डन डील आहे. ग्रुपवर फोटो पण आलाय तुमचा, टोपीतला!"

"तो आधीचा आहे. मी मासा घरी आणला. ते त्यांच्यात चालत नाही."

"दॅट्स सो वीअर्ड." ती आरशात बघून कानातलं अडकवत असावी, तिची नजर भलतीकडे होती. "मग आता या ना इकडे. सीरियसली. तुम्ही दर वेळी नदी नदी करता. नदी इथे पण आहे. आणि सॅमन तर इथलाच आहे, बाबा. ओरिजनल."

"बघू," दिघोरे म्हणाले. हात धुण्यासाठी त्यांनी नळ सोडला आणि न धुताच बंद केला. "रुही, तुझे आजोबा काय करायचे, तुला माहीत आहे?"

"आजोबा? ते भंडाऱ्याला असायचे."

तिने ते सहज म्हटलं, अचूक त्यांच्याच स्वरात. घरातून मुलीला द्यायच्या वस्तूंत त्यांनी हे वाक्यही दिलं होतं.

"मासे धरायचे," ते म्हणाले. "तलावात. जाळं टाकून. त्यांचे वडीलही. आपण ढिवर आहोत. मासेमारांची जात आहे ती. मी कुणाला सांगत नव्हतो."

कानातलं अडकवणारा हात थांबला. रुही कॅमेऱ्याजवळ आली. तिचे डोळे मोठे झाले होते.

"ओ माय गॉड, बाबा. दॅट्स सो कूल! व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

त्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते द्यायचं तर आधी तिला बरंच काही द्यावं लागलं असतं: फुटलेली बोटं, मंडपातल्या खुर्च्या, अगत्य, दोन तासांचा रस्ता. इतकी वर्षं खपून त्यांनी तिच्यासाठी जी रिकामी, स्वच्छ जागा केली होती, ती हीच. तिथे उभी राहून ती 'कूल' म्हणू शकत होती. त्यांच्या बापाने कोयत्याच्या दांड्याने जे केलं होतं, तेच त्यांनी गप्प राहून केलं होतं, आणि दोघांचंही काम फत्ते झालं होतं.

"राहून गेलं," ते म्हणाले.

"यू हॅव टू टेल मी एव्हरीथिंग. उद्या. नाही, उद्या हाइकला जातोय. मंडे? मी कॉल करते. काय जेवताय?"

"मासा."

"सॅमन?"

"नाही. दुसरा."

"ओके, काटे बघून खा. लव्ह यू. बाय!"

पडदा काळा झाला. त्यांनी तवा ठेवला, तुकड्यांना तिखट-हळद लावली, तेल सोडलं. खोलीभर वास झाला. त्यांनी खिडकी उघडली नाही. भात लावला होता तो ताटात घेतला, वर दोन तुकडे घेतले आणि ते टेबलाशी बसले, एकच खुर्ची ओढून.

मासा काट्यांनी भरलेला होता, डगने सांगितल्याप्रमाणे. पण काटे काढता येणं ही गोष्ट त्यांना येत होती. ती खाणाऱ्याला येतेच, तिला कुणी मनाई केलेली नव्हती. जिभेने ते एकेक काटा बाजूला करत, बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवत, आणि उरलेलं सावकाश चावत. लिंबाने काही झालं नव्हतं, मिठाने काही झालं नव्हतं. घास गिळल्यावरही तो कडवटपणा घशात राहत होता.

पहिले दोन तुकडे संपले. ते उठले आणि तव्यातले उरलेले वाढून घेतले.